नाव ठेवणं, नावं ठेवणं

मोठ्या वयात कुणाला एडीएचडीचं (लक्ष एका जागी न टिकण्याचं) नाहीतर ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं, किंवा कुणी आपल्याला नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत असं उघड सांगितलं, की दोन तट पडायला हल्ली पाच मिनिटंही लागत नाहीत. एक तट म्हणतो, ‘आता ज्याला त्याला कसलं तरी लेबल हवं झालंय. आमच्या वेळी विसराळू माणूस विसराळू असायचा, घुमा माणूस घुमा असायचा, कुणाचं काही अडलं नाही.’ दुसरा म्हणतो, ‘हे लेबल नव्हे, ही माझी ओळख आहे. ती नाकारणारे तुम्ही कोण?’ मग तावातावाने भांडण जुंपतं. कुणी औषध कंपन्यांना मध्ये ओढतं, कुणी आपल्या आजोबांना. आणि दोन्ही तटांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते, ती म्हणजे निदानाच्या आधी माणूस कोरी पाटी असतो. डॉक्टर येतात आणि त्या पाटीवर पहिल्यांदा काहीतरी लिहितात. वाद काय तो लिहावं की नाही एवढाच.

पण पहिल्या तटाचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. लेबलं नसलेल्या त्या सुखाच्या काळाची आठवण काढताना त्यांनी एका दमात दोन लेबलं वापरली. विसराळू आणि घुमा. ही काय आहेत? ती कोणत्या तपासणीनंतर लावली होती? आणि ज्याला लावली त्याला कुणी विचारलं होतं का?

मला म्हणायचंय ते असं. ज्याला आधीपासून काहीतरी होतंय, दुखतंय, जमत नाहीये, त्याला निदान मिळतं तेव्हा लेबल लागत नाही, लेबल बदलतं. ज्याला काहीही होत नव्हतं त्याला निदान मिळतं तेव्हा मात्र पाटी खरोखरच कोरी असते आणि तिच्यावर पहिल्यांदा लिहिलं जातं. या दोन निराळ्या घटना आहेत. मनावर आणि ओळखीवर होणारे त्यांचे परिणामही निराळे, बऱ्याचदा उलटे. आपण दोन्हींना ‘निदान’ हा एकच शब्द वापरतो आणि एकीतले पुरावे दुसरीच्या विरोधात फेकत बसतो.

माझी पाटी कशी होती ते सांगते. सव्विसाव्या वर्षापासून मला पहाटे तीन-चारला पाठीच्या खालच्या बाजूच्या दुखण्याने जाग यायची आणि सकाळी उठल्यावर तासभर अंग लाकडासारखं असायचं. खाली वाकणं अशक्य. दहा-अकरापर्यंत हळूहळू सैल व्हायचं आणि दुपारी बारानंतर मी ठणठणीत. यातली मेख ती शेवटची. सकाळी उठवत नाही आणि दुपारी मात्र जिने चढते, म्हणजे नाटकच की! घरात ‘आळशी’ हा शब्द रागाने कमी आणि लाडाने जास्त वापरला जायचा, त्यामुळे तो नाकारताही यायचा नाही. नोकरीत तोच शब्द वेगळ्या पोशाखात आला, तिथे माझी ‘बांधिलकी’ कमी पडायची. दोन डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि विश्रांती घ्यायला सांगितली. विश्रांतीने ते वाढायचं. बारा वर्षं मी ते दुखणं अंगावर काढलं असं लोक आता म्हणतात. ते खरं नाही. दुखणं अंगावर काढायला आधी ते दुखणं आहे हे ठाऊक असावं लागतं. मी स्वभाव अंगावर काढत होते.

अडतिसाव्या वर्षी एका संधिवाततज्ज्ञ बाईंनी मला विचारलं, ‘सकाळी मोजे घालताना त्रास होतो का?’ मी म्हटलं, नाही होत. मग खरं ते सांगितलं, की मी मोजे आदल्या रात्रीच घालून झोपते. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि वर पाहिलं. एमआरआय झाला, पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडांना मिळतो तिथल्या दोन सांध्यांत सूज दिसली, आणि नाव मिळालं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. शरीराची संरक्षण व्यवस्था चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो प्रकार. पडून राहिल्याने वाढतो, हालचालीने उतरतो. फार काळ हा पुरुषांचा आजार समजला गेला, त्यामुळे बायकांच्या बाबतीत तो ओळखायला आणखी उशीर होतो. बरा होत नाही, आवरता येतो. हे सगळं ऐकताना माझ्या पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. उलट पहिल्यांदाच ती पायाला लागली.

आता हा माझा एकटीचा अनुभव. त्यावरून सिद्धान्त मांडायचा नाही हे मलाही कळतं. पण एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) असलेल्या बायकांना विचारा. जगभरात पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण दर दहा स्त्रियांमागे एकीला हा आजार असतो आणि तो ओळखला जायला कित्येक वर्षं जातात. त्या वर्षांत त्यांची पाटी कोरी होती का? ‘नाजूक’, ‘बाऊ करणारी’, ‘तुला एकटीलाच येते का पाळी’ असं सगळं तिच्यावर लिहून झालेलं असतं. वाचता येणं कठीण जाणाऱ्या मुलाला डिस्लेक्सिया हा शब्द मिळण्याच्या कितीतरी आधी ‘ढ’ हे एक अक्षर मिळालेलं असतं. (एका अक्षरात माणूस निकालात काढणारी सोय आपल्या भाषेने फार पूर्वीच करून ठेवली आहे.)

भाषेचा विषय निघालाच आहे तर थोडं तिथे थांबते. मराठीत ‘नाव ठेवणं’ म्हणजे नामकरण आणि ‘नावं ठेवणं’ म्हणजे दोष काढणं. फरक एका अनुस्वाराचा. आजाराला नाव ठेवलं जातं तोवर माणसाला नावं ठेवून झालेली असतात. आणि आजाराला नाव मिळाल्यावरही आपण स्वस्थ बसत नाही. मधुमेही, क्षयरोगी, मनोरुग्ण असे शब्द आपण माणसाच्याच अंगाला शिवतो. त्यातला ‘दमेकरी’ हा माझा आवडता. शेतकरी, वारकरी, दमेकरी. जणू दमा हा त्याने पत्करलेला व्यवसाय आहे आणि तो इमानेइतबारे करतोय. खुद्द ‘निदान’ या शब्दाची गंमत तर त्याहून मोठी. आयुर्वेदात निदान म्हणजे रोगाचं कारण. रोग समजून घ्यायच्या पाच गोष्टी, म्हणजे निदानपंचक, त्यातली ती पहिली. पुढे पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. म्हणजे रोग नुसता ओळखून भागत नाही, तो कशाने झाला, येण्याआधी काय दिसलं, कशाने बरं वाटतं, तो अंगात कसा वाढला, हे सगळं विचारायचं. जुन्या मराठीत ‘निदानी’ म्हणजे शेवटी. आणि रोजच्या बोलण्यात निदान म्हणजे कमीत कमी. कारण, शेवट आणि कमीत कमी असे तीन अर्थ एका शब्दात. डॉक्टर पहिल्या अर्थाच्या आसपास बोलत असतात, पेशंटला दुसरा ऐकू येतो, आणि तिसरा कुणाच्या ध्यानातच नसतो.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा, जो त्या बाजूचे लोक स्वतः क्वचितच देतात. कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या पोलाद कामगारांची तपासणी करून त्यातल्या ज्यांचा रक्तदाब जास्त निघाला त्यांना तसं सांगण्यात आलं. त्यांच्या पुढच्या वर्षाच्या हजेरीचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. आजारपणामुळे होणारी गैरहजेरी ८० टक्क्यांनी वाढली होती. वाढ मुख्यतः त्यांच्यात झाली ज्यांना हे आधी ठाऊक नव्हतं. गोळ्या चालू झाल्या होत्या की नाही, दाब खाली आला की नाही, याने विशेष फरक पडला नाही. रक्तदाब तोच होता जो तपासणीच्या आदल्या दिवशी होता. फक्त आता तो ठाऊक झाला होता. शब्दाने माणूस आजारी पडतो याचा यापेक्षा नेमका दाखला मला माहीत नाही.

हा पुरावा मी पूर्ण मान्य करते. किंबहुना माझा मुद्दा त्यानेच उभा राहतो. त्या कामगारांची पाटी कोरी होती. त्यांना दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, कुणी त्यांना नावं ठेवत नव्हतं. सकाळी कामावर गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळी ‘बीपीचा पेशंट’ होऊन घरी आला. त्याच्या हातून काहीतरी गेलं आणि बदल्यात लगेच जाणवेल असं काहीच आलं नाही. माझ्या बाबतीत उलट झालं. ‘आळशी’ गेलं आणि त्या जागी एक लांबलचक, उच्चारायला कठीण पण शिवी नसलेलं नाव आलं. हॅमिल्टनच्या कामगाराचा दाखला माझ्या विरोधात, किंवा चाळिशीत ऑटिझमचं निदान होऊन सुटकेचा श्वास टाकणाऱ्या बाईच्या विरोधात, कसा काय चालेल?

आणि कोऱ्या पाट्यांवर लिहिण्याचा सपाटा वाढतोय ही तक्रारही खरी आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली. तिथल्या प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण त्या एका निर्णयाने साधारण ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं. रात्री निरोगी झोपलेली कोट्यवधी माणसं सकाळी रुग्ण होऊन उठली, आणि रात्रीत त्यांच्या कुणाच्याही रक्तवाहिनीत काही घडलं नव्हतं. रेषा खाली आणण्यामागे वैद्यकीय कारणं होती आणि ती पोकळ नव्हती, कारण उच्च रक्तदाब गाजावाजा न करता मारतो. म्हणूनच तपासणी करू नका असं मी म्हणणार नाही. पण ‘तुम्हाला आजार आहे’ आणि ‘तुम्हाला धोका आहे’ ही दोन वाक्यं ऐकणाऱ्याच्या कानाला एक नाहीत. हे वैद्यकालाही कळतं. थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठीला पूर्वी कर्करोगाचं नाव होतं. ती जवळजवळ कधीच पसरत नाही हे ध्यानात आल्यावर तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली तिच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढून टाकला. गाठ तीच. पण ज्यांना यापुढे ती निघेल त्यांना घरी जाऊन वेगळं वाक्य सांगता येईल.

यापुढचा आक्षेप गंभीर आहे. निदान हे हत्यार म्हणून वापरलं गेलंय. १८५१ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा एक रोग जाहीर केला. लक्षण काय, तर गुलाम मालकाकडून पळून जातो. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत विकार होती आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ती जायला १९९० उजाडलं. आधीच्या पिढ्यांतल्या किती माणसांनी तो शिक्का मनाच्या आतपर्यंत मुरवून घेतला असेल! तेव्हा डॉक्टरने लिहिलंय म्हणून ते खरं आणि शेजाऱ्याने म्हटलंय म्हणून ती शिवी, असा सोपा हिशेब मलाही मांडता येत नाही.

पण मग चांगल्या आणि वाईट निदानातला फरक कसा ओळखायचा? मला एक प्रश्न उपयोगी वाटतो. तक्रार कुणाची होती? पळून जाणाऱ्या गुलामाची काहीच तक्रार नव्हती. असलीच तर ती मालकाबद्दल होती. तक्रार मालकाची, आणि रोग मात्र गुलामाला. समलैंगिक माणसाला त्रास होता तो बहुतांशी कायद्याचा आणि लोकांचा. मोज्यांची तक्रार माझी होती. वर्गात शिक्षकांना त्रास होतो म्हणून मुलाला तपासायला नेलं जातं तेव्हा हाच प्रश्न विचारावा. कधी उत्तर ‘शिक्षकांची’ असं येईल आणि मग जरा थांबावं लागेल. कधी मूलच सांगेल की मला बसून राहायचं असतं पण राहवत नाही. दोन्ही मुलांना एकच शब्द लागू होत असेल कदाचित, पण त्या शब्दाचं दोघांत सारखंच काही होणार नाही.

‘कळलंच नसतं तर सुखात राहिले असते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि जवळच्या माणसाच्या बाबतीत कित्येकांनी ते अमलातही आणलंय. दाराबाहेर डॉक्टरांना गाठून ‘त्यांना सांगू नका’ म्हणणारे नातेवाईक क्रूर नसतात. १९६१ साली अमेरिकेत डॉक्टरांची एक पाहणी झाली, त्यातल्या ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाच्या रुग्णाला निदान न सांगण्याकडे होता. १९७९ साली तशीच पाहणी प्रसिद्ध झाली तेव्हा ९७ टक्क्यांचा कल सांगण्याकडे होता. दोन दशकांच्या आत एक अख्खा व्यवसाय उलटा फिरला. उपचार सुधारले हे त्याचं एक कारण, पण एकच नव्हे. न सांगितलेलं माणसाला कळतंच. खोलीत शिरताना सगळ्यांचे आवाज बदलतात, आणि मग त्याला आजारासोबत दुसऱ्यांचं नाटकही सांभाळावं लागतं.

याची सगळ्यात कठोर परीक्षा हंटिंग्टन रोगात होते. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. मध्यम वयात हालचाली आणि बुद्धी दोन्ही हळूहळू जातात आणि थांबवणारा उपचार नाही. जनुक १९९३ साली सापडला. त्याआधीची चाचणी अप्रत्यक्ष होती, त्यामुळे काहींना ‘धोका वाढला’, काहींना ‘धोका घटला’ आणि काहींना ‘काहीच सांगता येत नाही’ असं उत्तर मिळायचं. कॅनडातल्या संशोधकांनी या तिन्ही गटांकडे वर्षभर लक्ष ठेवलं आणि १९९२ साली निष्कर्ष छापले. वर्षाअखेरीस मनाने सगळ्यात वाईट अवस्थेत कोण होतं? वाईट बातमी मिळालेले नव्हे. ज्यांना उत्तरच मिळालं नव्हतं ते. धोका वाढलेला गटसुद्धा त्यांच्यापेक्षा बऱ्या मनःस्थितीत होता. मला यात आश्चर्य वाटत नाही, कारण ही पाटीही कोरी नव्हती. तिच्यावर लहानपणापासून ‘कदाचित’ असं लिहिलेलं होतं आणि ते तिसऱ्या गटाचं पुसलं गेलं नाही.

पण इथेच मला माझ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचंय. असा धोका असलेली बहुसंख्य माणसं आजही ही चाचणी करून घेत नाहीत. ती भित्री आहेत का? नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हा रोग होता. त्या जनुकाच्या शोधाला त्यांनी आयुष्य वाहिलं आणि स्वतःची चाचणी मात्र केली नाही. आपल्याला तो रोग आहे हे त्यांनी २०२० साली जाहीर केलं. ज्या बाईने जगाला उत्तर मिळवून दिलं तिने स्वतःपुरता प्रश्न ठेवला. माहीत करून न घेणं हा हक्क आहे. दुसऱ्याने आपल्यापासून लपवणं हा निराळा प्रकार, आणि ‘कळलंच नसतं तर’ म्हणताना आपण या दोन्हींची सरमिसळ करतो.

निदान म्हणजे सबब, या आक्षेपावर फार वेळ घालवणार नाही. दुखण्याची ढाल करणारी माणसं मी पाहिली आहेत. निदानाच्या आधीही ती ढाल वापरायचीच, फक्त ढाल दुसरी असायची. माझ्यापुरतं सांगायचं तर निदानाने माझी असलेली सबब काढून घेतली. आधी ‘विश्रांती घ्या’ असा सल्ला होता आणि तो मी मनापासून पाळायचे. आता रोज सकाळी, नेमकं नको वाटतं त्याच वेळी, चाळीस मिनिटं व्यायाम करावा लागतो. नावाने मला सूट दिली नाही, काम दिलं.

ओळखीचा प्रश्न मात्र अवघड आहे. निदान हीच ओळख होऊन बसते तेव्हा माणूस त्यात अडकतो, हे खरंय. इतिहासात याचं टोकाचं रूप कुष्ठरोगात दिसतं. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कार्व्हिल इथल्या रुग्णालयात दाखल होताना घरच्यांना झळ लागू नये म्हणून रुग्ण नवं नाव घ्यायचे. निदान झालं की जन्माचं नावसुद्धा जायचं. तिथल्याच एका रुग्णाने स्टॅन्ली स्टाइन हे घेतलेलं नाव वापरून ‘द स्टार’ हे नियतकालिक काढलं आणि ‘लेपर’ या, कुष्ठरोग्याला हिणवणाऱ्या इंग्रजी शब्दाविरुद्ध आयुष्यभर झुंज दिली. हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टरांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला १८७३ साली, नंतर औषधंही आली, पण शब्दाला चिकटलेली घाण त्याने धुतली गेली नाही. आपणही ‘महारोगी’ म्हणणं सोडलं ते फार उशिरा. जपानमध्ये २००२ साली स्किझोफ्रेनियाचं ‘मन दुभंगण्याचा रोग’ अशा अर्थाचं नाव बदललं गेलं. ज्यांना त्यांचं निदान सांगितलं जातं अशा रुग्णांचं प्रमाण दोन वर्षांत सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या घरात गेलं. तोवर डॉक्टरांनाच तो शब्द तोंडातून काढवत नव्हता!

तरीही ओळख घट्ट धरणाऱ्यांना मी हसणार नाही. १९८३ साली डेन्व्हरमध्ये एड्स झालेली काही माणसं एकत्र आली आणि त्यांनी जाहीर केलं की आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, ‘रुग्ण’ आम्ही अधूनमधून असतो, आम्ही एड्स असलेली माणसं आहोत. त्यांनी निदान नाकारलं नाही. त्याची मालकी मागितली. दुसरीकडे २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नव्या वर्गीकरणातून ‘ॲस्पर्जर’ हे निदान वेगळं म्हणून राहिलं नाही, ते ऑटिझममध्ये विलीन झालं. ज्यांनी त्या शब्दाभोवती स्वतःला उभं केलं होतं त्यातल्या अनेकांना वाटलं की आपल्यालाच कुणीतरी यादीतून खोडलं. शब्द समितीचा होता. तो समिती परत घेऊ शकते. निदानावर ओळखीचं अख्खं घर बांधणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की जमीन भाड्याची आहे हे लक्षात असू द्या.

आणि भावनांबद्दल बोलताना ते पाच टप्पे कुणी माझ्यासमोर आणू नयेत. नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले मरणाच्या दारातल्या माणसांशी बोलून, आणि आपण त्याचं वेळापत्रक करून टाकलं. माझ्याकडे स्वीकार सगळ्यात आधी आला. राग तीन महिन्यांनी आला, तोही आजारावर नाही. तो मागे गेला. एकेक जुना प्रसंग उघडून पाहायला लागले. न गेलेल्या सहली, सोडलेली नोकरी, ‘तुला कशाचीच ओढ नाही’ म्हणून निघून गेलेला एक माणूस. हे सगळं आता नव्याने वाचावं लागत होतं. निदान पुढच्या आयुष्याबद्दल असतं असं आपण समजतो. त्याचं निम्मं काम मागच्या आयुष्यावर चालतं.

आणि मला वाटतं, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणणारा तट इतका चिडतो तो यामुळे. मी माझा भूतकाळ दुरुस्त करते तेव्हा माझ्याबरोबर त्यात जे होते त्यांचाही बदलतो. माझ्यावरचं ‘आळशी’ पुसलं जातं त्याच क्षणी ते म्हणणाऱ्यावर काहीतरी लिहिलं जातं, आणि त्यांनी तर त्यांच्या परीने मायाच केलेली असते. त्यांची पाटी खरोखर कोरी होती. म्हणून आईने माझं निदान पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, ‘हे डॉक्टर लोक काहीही नावं काढतात.’ मला तेव्हा फार लागलं होतं. आता वाटतं, तिने स्वतःचा बचाव केला आणि तो तिचा हक्क होता.

त्यानंतर वर्षभर तिने विषय काढला नाही. मग एकदा मी तिच्याकडे राहायला गेले होते. रात्री झोपायच्या आधी पलंगाच्या कडेला बसून मी मोजे काढत होते, कारण आता सकाळी घालता येतात. ती दारात उभी राहून बघत होती.

‘ते घालून झोपायचीस ना तू,’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, थंडी वाजते तुला.’